मयताशी नातं कशानं सिद्ध करू? मुख्य निबंधकांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी दत्तक मुलगी आहे. आमच्या घरात ही गोष्ट कधी लपवलीच नाही, त्यामुळे ती सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही. १९७४ साली पुण्यातल्या एका संस्थेतून आई-बाबांनी मला घरी आणलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. आता दोघेही नाहीत. त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या अखत्यारीतल्या मृत्यूच्या नोंदवहीविषयी.

माझ्या जन्मदात्रीच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद शोधून द्यावी, असा अर्ज मी एका नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे केला होता. गेल्या महिन्यात त्यांनी तो निकाली काढला. उत्तर एका ओळीचं: अर्जदार मयताचे नातेवाईक असल्याचा पुरावा जोडलेला नाही, सबब शोध घेता येत नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या एका कार्यालयाशी माझं भांडण नाही. शेजारच्या तालुक्यात गेले असते तरी बहुधा हेच उत्तर मिळालं असतं. वरून काही स्पष्ट सांगितलेलं नसलं की खालचा माणूस नाही म्हणतो. नाही म्हटल्यानं कुणाची नोकरी जात नाही, हो म्हटल्यानं कदाचित जाते. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत.

आधी, मी मेलेल्या माणसांत का शोधते आहे ते सांगते. मैत्रिणीसुद्धा विचारतात, "आई शोधायची तर जिवंत शोध ना, मयतांची वही कशाला?"

संस्थेनं मला दाखवलेल्या कागदावर माझ्या जन्मदात्रीचं नाव आहे, वय १९, ‘अविवाहित’ असा शेरा, तिच्या वडिलांचं पूर्ण नाव, आणि पत्त्याच्या जागी नुसता तालुका. संपलं. ती हयात असेल तर आज सत्तरीची असेल. तिला सुना-नातवंडं असतील, आणि १९७४ मध्ये काय घडलं हे त्या घरात बहुधा कुणालाच ठाऊक नसेल. अशा घराच्या दारात जाऊन "मी तुमची मुलगी" म्हणणं मला जमणार नाही, आणि पटणारही नाही.

शिवाय तिला थेट शोधायचं तरी कसं? लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि त्या पिढीत तर पाळण्यातलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं की संपलं माहेरचं नाव. संस्थेच्या कागदावर आहे ते नाव पुढच्या कुठल्याही सरकारी कागदावर सापडेल याची काय खात्री? मृत्यूच्या नोंदीच्या जुन्या नमुन्यातही ‘वडिलांचे/पतीचे नाव’ असा एकच रकाना होता. विवाहित बाई गेली की तिथे नवऱ्याचं नाव पडायचं. माहेर वहीतूनही गेलं.

तिच्या वडिलांचं तसं नाही. पुरुष ज्या नावानं वाढतो त्याच नावानं सरणावर जातो. ते १९२० ते १९३० च्या दरम्यान जन्मले असं धरलं तर त्यांचा मृत्यू साधारण १९७५ ते २००५ मधला. ती एक नोंद सापडली तरी खूप झालं. मृत्यूच्या नोंदीत मयताचं नाव आणि वय असतं, राहण्याचा पत्ता असतो म्हणजे गाव कळतं, आणि खबर देणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. खबर कोण देतं? बहुतेक वेळा मुलगा, नाहीतर पुतण्या. त्या एका ओळीत माझं आजोळ आहे, कदाचित मामाही. आणि हे सगळं कुणाच्या सुखी संसारात पाय न ठेवता.

ही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. इतर देशांतले दत्तक हेच करत आले आहेत. इंग्लंडमध्ये १९६९ पासून मृत्यूच्या नोंदीत जन्मतारीख, जन्मस्थळ आणि विवाहित बाईचं माहेरचं आडनाव लिहितात, आणि मृत्यूंची सूची कुणीही पाहू शकतो. १९७५ च्या कायद्यानं तिथल्या सज्ञान दत्तकांना मूळ जन्मदाखला मिळण्याची वाटही मोकळी झाली. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी, म्हणजे सामाजिक सुरक्षा खात्याकडची मृतांची यादी दत्तकांच्या फार कामी आली. तिचा गैरवापर होतो अशी ओरड झाली, तेव्हा २०१३ मध्ये कायदा करून मृत्यूनंतरची पहिली तीन वर्षं ती नोंद सरसकट मिळणं बंद केलं. सगळी यादी मात्र बंद केली नाही. असा मधला मार्ग निघू शकतो, एवढ्याचसाठी हे सांगितलं. आपला कायदा या बाबतीत मुळीच मागे नाही, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, कलम १७. राज्य शासनानं केलेल्या नियमांच्या आणि शुल्काच्या अधीन राहून कोणत्याही व्यक्तीला निबंधकाकडून नोंदवहीतल्या कोणत्याही नोंदीचा शोध करवून घेता येतो आणि तिचा उतारा किंवा दाखला मिळवता येतो. कोणत्याही व्यक्तीला! वारसानंच यावं, नातेवाइकानंच यावं असं तिथे नाही. झाकायला सांगितली आहे ती एकच गोष्ट, मृत्यूचं कारण. म्हणजे काय दाखवायचं नाही याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता, आणि विचाराअंती त्यांनी एवढंच झाकलं.

शोध कसा असतो हेही त्यांना ठाऊक होतं. केंद्रानं राज्यांसाठी केलेल्या १९९९ च्या नमुना नियमांतला तेव्हाचा शुल्काचा तक्ता पाहा: पहिल्या वर्षाच्या शोधाला २ रुपये, पुढच्या प्रत्येक वर्षाला २ रुपये, उताऱ्याला ५ रुपये, नोंद नसल्याच्या दाखल्याला २ रुपये. रकमेचं सोडून द्या. पुढच्या वर्षांचं शुल्क लावलंच का, ते बघा. ज्याला तारीख माहीत आहे तो कशाला वर्षामागून वर्ष चाळायला लावेल? ज्याला तारीख माहीत नाही, अशा माणसासाठीच तो तक्ता आहे. आणि खिडकीवर मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं: "मृत्यूची तारीख सांगा, मग बघतो."

शोधाचा वेगळा अर्ज तिथे नव्हताच. दाखल्याचा छापील अर्जच माझ्यापुढे सरकवला गेला. मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचे ठिकाण, आणि मग तो रकाना, ‘मयताशी नाते’. मी लिहिलं, ‘नात (मुलीची मुलगी, दत्तक दिलेली)’. टेबलापलीकडच्या भाऊंनी त्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"ताई, दत्तक दिलेली म्हणजे आता नात नाही ना."

"मग नातं नाही असं लिहू?"

"नातं नाही तर शोध कशाला?"

त्यात चेष्टा नव्हती, उर्मटपणा नव्हता. त्यांच्या मागे लोखंडी रॅकवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते, प्रत्येकाला साल लिहिलेली चिठ्ठी डकवलेली. १९८१ चा गठ्ठा माझ्यापासून हातभर अंतरावर. भाऊ थोड्या वेळानं आवाज खाली आणून म्हणाले, "मी बघितलं असतं हो. पण उद्या कुणी विचारलं तर काय दाखवू? वरून पत्र आणा." ते वरचं पत्र आपल्या सहीचं.

गंमत अशी की भाऊ म्हणत होते ते एका परीनं कायद्याला धरूनच होतं. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६, कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या तारखेपासून जन्मकुटुंबाशी असलेले सगळे संबंध तुटले असं मानलं जातं. माझ्या कागदांवर आई-बाबांचीच नावं आहेत आणि तीच असायला हवीत. मग नात्याचा पुरावा मी आणायचा कुठून? कायद्यानं स्वतः दोर कापायचा आणि कार्यालयानं म्हणायचं, टोक दाखवा.

पण त्याच कलमात पुढे एक अट आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जन्मकुटुंबात राहिले असते तर ज्याच्याशी लग्न करता आलं नसतं, त्याच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. म्हणजे नातं तुटलं, पण रक्ताची बंदी कायम! आता जन्मदात्रीला पुढे मुलगा झाला असेल तर तो कोण, हे दत्तक मुलीला कळणार कसं? जी बंदी पाळायची ती कुणाबाबत, हे कळायचा एकही मार्ग ठेवायचा नाही आणि पाळा म्हणायचं. माझं लग्न होऊन तपं उलटली, माझ्यापुरता तो प्रश्न मिटला. आज पंचविशीत असलेल्या दत्तक मुलामुलींचा मिटलेला नाही.

मालमत्तेचंही तिथे स्पष्ट आहे. दत्तक जाण्यापूर्वी जी मालमत्ता मुलाच्या नावे झालेली असेल तेवढीच त्याची राहते. जन्मकुटुंबाच्या जमिनीत नंतर वाटा मिळत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे कुणी मेलेल्या माणसाची चौकशी करत आलं की पहिला संशय सातबाऱ्यावर जातो. त्याच तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसलेल्या एका गृहस्थांनी मला सरळच विचारलं, "जमीन किती होती त्यांची?" ज्यांचं गाव मला माहीत नाही त्यांची जमीन मी काय सांगणार? कायदा काय म्हणतो ते सांगितल्यावर गृहस्थ निवळले आणि चहा मागवला. वही मात्र उघडली नाही.

गैरप्रकारांची भीती मला समजते. २०२५ च्या सुरुवातीला उशिरा केलेल्या नोंदींच्या दाखल्यांवरून आरोप झाले, शासनानं ते दाखले देणं काही काळ थांबवलं आणि मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणली. बरोबरच केलं. पण नवी नोंद घुसवणं वेगळं आणि चाळीस वर्षांपूर्वीची नोंद वाचणं वेगळं. पहिल्याला लावलेलं कुलूप दुसऱ्यालाही बसलं आहे. माहिती अधिकारात विचारलं तर कलम ८(१)(ञ) दाखवतात, वैयक्तिक माहिती म्हणून. कुणाची? केव्हाच वारलेल्या माणसाची, आणि तीही अशी माहिती, जी दुसऱ्या कायद्यानं किरकोळ शुल्कात कुणालाही द्यायला सांगितली आहे.

आता वहीच्या स्थितीविषयी. नव्या मृत्यूंची नोंद संगणकावर होते. २०२३ च्या दुरुस्तीनं तर देशपातळीवरचा डेटाबेसही आला. पण माझ्या वयाच्या दत्तकांचे आजी-आजोबा कागदावर वारले. त्या वह्या नोंदणीच्या तारखेनुसार लावलेल्या आहेत, नावांची सूची नाही. काही ग्रामपंचायतीच्या कपाटात, काही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. गाव माहीत नसेल तर तालुक्यातल्या एकेका ग्रामपंचायतीत खेटे घालायचे. नियम सांगतो की या नोंदवह्या कायमस्वरूपी महत्त्वाचं दप्तर आहेत, नष्ट करायच्या नाहीत. ठीक, नष्ट केल्या नाहीत. वाचायच्या कुणी?

आणि मनात आणलं तर काय होतं तेही आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसीलोतहसीली गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकं बाहेर निघाली, मोडी वाचणारी माणसं शोधून बसवली, पानं स्कॅन झाली. तीही जन्म-मृत्यूचीच दप्तरं. त्या कामाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की पणजोबाची नोंद पाहायला आलेल्या माणसाला आधी पणजोबाशी नातं सिद्ध कर आणि मग पान उघडू, असं कुणी म्हटलं नाही. पान आधी उघडलं, नातं नंतर तपासलं. आम्हाला तोच क्रम हवा आहे.

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या: कोण आलं, कुणाचे विधी केले, सोबत कोण होतं. तिथेही मी जाऊन आले. गुरुजींनी नात्याचा पुरावा मागितला नाही. गाव कोणतं, एवढंच विचारलं, आणि तिथेच मी अडले. तालुक्यावर वही सापडत नाही. पण गुरुजी म्हणाले ते लक्षात राहिलं, "गाव कळलं की या, दक्षिणेचं नंतर बघू."

‘रूट सर्च’ची, म्हणजे दत्तकानं आपले जन्मदाते शोधण्याची, अधिकृत वाट आहे ना, असं आपलं कार्यालय म्हणू शकेल. आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या २०२२ च्या नियमावलीत ती दिलेली आहे. अठरा वर्षांवरच्या दत्तकाला स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी मूल सोपवताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. ते नाही म्हणाले किंवा सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं तेवढं दत्तकाला सांगतात. हे सगळं मला मान्य आहे. प्रश्न ‘सापडले नाहीत’ या शेऱ्याचा आहे. अर्ज फिरत फिरत संस्थेकडे येतो, संस्थेकडे तीच फाइल, फाइलमध्ये तोच कागद. माझ्या बाबतीत शेरा याच फाइलवरून पडला. त्या माणसांचा मृत्यू कुठे नोंदला आहे का, हे कुणी तपासलं नाही. तपासण्याचं काम कुणाचं, हेही मला कुणी सांगू शकलं नाही. बालकांचं खातं म्हणतं वह्या निबंधकांच्या, निबंधक म्हणतात दत्तकाचं काम बालकांच्या खात्याचं.

मी निदान मराठी वाचू शकते, एसटीनं तालुक्याला जाऊ शकते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईतून मुलं स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, अमेरिका अशी कुठे कुठे गेली. ती आता माझ्याच वयाची आहेत. थोड्या दिवसांच्या सुट्टीवर येतात, देवनागरी येत नाही, आणि नियमावलीप्रमाणे त्रयस्थाला त्यांच्या वतीनं रूट सर्च करता येत नाही. पुण्यातून जर्मनीत गेलेल्या एकाला तर स्वतःच्या फाइलसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तेवढी ताकद किती जणांकडे असते?

आता ज्या बाईसाठी हे सगळं सांभाळायचं, तिच्याविषयी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा अडलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होता येईल याची हमी दिली होती. त्या गुप्ततेमुळे पोरं जगली. मी त्याच परंपरेतल्या एका संस्थेमुळे जगले, तेव्हा गुप्ततेची किंमत मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मी हयात माणसांचा पत्ता मागत नाही. आधार, मतदार यादी, पोलीस, यांतलं काही मागत नाही. वारलेल्या माणसाची नोंद मागते आहे. त्या नोंदीत खबर देणारा हयात असू शकतो, हे मला कळतं. तर त्याचं नाव-पत्ता झाका. माझं बंद पाकीट आपल्या कार्यालयामार्फत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत त्याच्यापर्यंत पोचवा. त्याला उत्तर द्यावंसं वाटलं तर देईल, नाही वाटलं तर मी तिथेच थांबेन. हे लेखी द्यायला तयार आहे.

मृत्यूच्या कारणाचा मुद्दा वेगळा आहे आणि अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्तनात गाठ निघाली. तपासणीच्या खोलीत डॉक्टर बाईंनी विचारलं, आई, मावशी, आजी, कुणाला होता का? माझ्या फॉर्मवर त्या सगळ्या जागी आडवी रेघ. गाठ साधी निघाली, पण तो प्रश्न दर तपासणीला येतो आणि माझ्या मुलीलाही येणार. नोंदवहीतलं कारण उघड करू नये हा नियम योग्यच आहे. कुणाच्या घरात क्षय होता, कुणी जीव दिला, हे गावभर का व्हावं? पण नोंद सापडली आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी मागितलं, तर ते कारण फक्त डॉक्टरांना कळवायची सोय करता येईल. त्यासाठी कायद्यात बदल लागला तर तसा प्रस्ताव आपल्याकडून जावा.

बाकीच्या मागण्यांना कायदा बदलावा लागत नाही. बहुतेक गोष्टी आपल्या परिपत्रकानं होतील.

राज्यातल्या सगळ्या निबंधकांना कळवा की कलम १७ खालच्या शोधासाठी अर्जदाराचं ओळखपत्र पुरेसं आहे, मयताशी नात्याचा पुरावा मागू नये. शोधाचा अर्ज दाखल्याच्या अर्जापासून वेगळा करा. त्यात मृत्यूच्या तारखेऐवजी ‘या सालापासून त्या सालापर्यंत’ असा रकाना असू द्या. नातं विचारायचंच असेल तर ते ऐच्छिक ठेवा, आणि त्यात ‘दत्तक दिलेले अपत्य’ हा पर्याय द्या. राज्याच्या नियमांत याविरुद्ध काही असेल तर तो नियम कोणता ते सांगा, मी त्याचा मान राखीन.

शोध झाल्यावर हातात कागद मिळावा: नोंद सापडली तर उतारा, नाही सापडली तर नोंद नसल्याचा दाखला, आणि त्यावर कोणत्या सालांच्या कोणत्या वह्या पाहिल्या ते लिहिलेलं. दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत आहे, तशीच शोधालाही द्या. नकार द्यायचा असेल तर नियमाचा क्रमांक घालून लेखी द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं निबंधकाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची सोय केली आहे, तीस दिवसांत अपील आणि नव्वद दिवसांत निर्णय. पण तोंडी नकारावर अपील कशाचं करायचं?

‘कारा’कडून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून पत्र आलं तर शोध एका गावापुरता न ठेवता जिल्ह्यापुरता व्हावा, आणि दत्तकाला ग्रामपंचायतीगणिक फिरवू नये. मृत्यूची नोंदवही तपासल्याशिवाय ‘जन्मदाते सापडले नाहीत’ असा शेरा कुणी मारू नये, हे आपण त्या खात्याशी बोलून ठरवून घ्या. दोन्ही खाती एकाच शासनाची आहेत.

तीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूंची नावनिहाय सूची करायला सुरुवात करा. जिथे पानं स्कॅन झालेली आहेत तिथून करा. सूचीत मयताचं नाव, साल आणि गाव एवढंच असलं तरी पुरे. अलीकडचे मृत्यू वाटल्यास काही वर्षं झाका. आणि यापुढे विवाहित बाईच्या मृत्यूच्या नोंदीत माहेरचं पूर्ण नाव लिहिण्याची सोय करा. त्याचा उपयोग फक्त दत्तकांना होणार नाही. माहेरच्या वारसांच्या कामात अडकलेल्या बायकांना विचारून पाहा.

त्या नगरपरिषदेत मी नवा अर्ज दिला आहे, १९७५ ते २००५ या सालांच्या शोधाचा, कलम १७ ची प्रत जोडून आणि शुल्क भरायची तयारी लिहून. त्याची पोच माझ्याकडे आहे. त्याच अर्जाची आणि आधीच्या नकाराची प्रत सोबत आपल्याला रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. उत्तर माझ्या बाजूचं असो वा नसो, ते लेखी आणि नियमाच्या क्रमांकासह मिळावं, म्हणजे पुढचा अर्ज घेऊन येणाऱ्याला ते खिडकीवर दाखवता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
पुण्यातून दत्तक गेलेली एक नागरिक